रात्रीची पाळी आणि टर्निंग चार्ट: उपनगरातल्या एका केअर होमचा अनुभव

नाव लिहीत नाही. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे आणि वकीलबाईंनी बजावलंय की निकाल लागेपर्यंत नाव, पत्ता, पाटीचा फोटो काहीही कुठे टाकायचं नाही. तेव्हा एवढंच सांगते: पश्चिम उपनगर, लिंक रोडवरून आत, सोसायटीच्या इमारतीचा पहिला आणि दुसरा मजला, खाली एटीएम आणि केकचं दुकान. वर २२ खाटा. जाहिरातीत ‘चोवीस तास नर्सिंग’ आणि ‘डिमेन्शिया स्पेशल’. माझी आत्या जून २०२४ पासून तिथे होती. जानेवारी २०२५ च्या अखेरीस तिला तिथून थेट इस्पितळात न्यावं लागलं.

आत्या ८१ वर्षांची. परळच्या केईएम इस्पितळात नर्स होती, निवृत्त झाली तेव्हा सिस्टर इन्चार्ज. लग्न केलं नाही, लालबागच्या खोलीत एकटी राहिली, भावाच्या मुलांना म्हणजे आम्हाला शिकवलं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश सुरू झाल्यावर बाकी सगळं एकेक करून गळालं, ड्यूटी मात्र राहिली. रात्री साडेनऊला केस विंचरून, पर्स घेऊन ती खाली उतरायची, परळची बस पकडायला. माझ्या घरी चौथा मजला, नवऱ्याची बायपास नुकतीच झालेली, ब्युरोच्या, म्हणजे घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या बायका महिनाभरसुद्धा टिकेनात. म्हणून केअर होम.

महिना ३२ हजार, डिपॉझिट ६४ हजार. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरची व्हिजिट वेगळी. रोख दिलेत तर दोन हजार कमी, असं मॅनेजरनं पहिल्याच दिवशी सुचवलं. मी सगळं चेकनं दिलं. बेस्टच्या हिशेब खात्यात नोकरी काढली की रोखीच्या बाबतीत हात आपोआप आखडतो. पुढे या चेकांचा फार उपयोग झाला.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं होतं. जेवण उत्तम. गरम वरणभात, मऊ पोळी, बुधवारी मासे, तेही काटे काढून. गणपतीत आरती, दिवाळीत प्रत्येकीला नवा गाऊन. खोल्यांना फिनेलचा वास नाही, पडदे धुतलेले. दिवसपाळीची मावशी सोन्यासारखी. आत्या तिला वॉर्डातली आया समजून हुकूम सोडायची आणि ही बाई ‘हो सिस्टर’ म्हणून खरंच उभी राहायची. आत्याला एवढा मान त्या अख्ख्या मजल्यावर दुसऱ्या कोणी दिला नाही.

भेटीची वेळ चार ते सहा. म्हणजे नातेवाइकांना दिसतं ते केअर होम दोन तासांचं असतं: चहा झालेला, केस विंचरलेले, पावडर लावलेली. रात्री आठनंतर कोणालाच वर सोडत नाहीत. ‘पेशंट डिस्टर्ब होतात.’ मी एकदा शाल द्यायच्या निमित्तानं रात्री दहाच्या सुमारास गेले. वॉचमन जेवत होता, जिना चढून वर गेले. २२ खाटांना दोन मुली. एक दुसऱ्या मजल्यावर बाकावर झोपलेली. दुसरी पॅन्ट्रीत, पायांना तेल चोळत बसलेली. दिवसाही हीच मुलगी मी पाहिली होती. ब्युरोनं पाठवलेली, बारा तासांची ड्यूटी करून पुन्हा रात्रीला तीच. पगार १४ हजार, त्यातलं ब्युरोचं कमिशन वेगळं. बोर्डावर ज्या जीएनएम, म्हणजे शिकलेल्या सिस्टरचं नाव होतं, त्या रात्री असतात का, असं विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम फोनवर असतात.’

मला त्या मुलीचा राग नाही. अशा जागी कोणी उठून म्हाताऱ्यांचा छळ करतं असं नेहमी नसतं. माणसं कमी ठेवायची आणि त्या कमी माणसांना झेपेल असं पेशंटला करून ठेवायचं, एवढंच असतं. पेशंट उठू नये म्हणून बांधायचा, बोलू नये म्हणून झोपवायचा, डायपर वारंवार बदलायला लागू नये म्हणून पाणी तोडायचं. या तिन्ही गोष्टी आत्याच्या बाबतीत झाल्या.

झोपेचं मला बिलात सापडलं. मेडिकलचं मासिक बिल मी ओळ न ओळ वाचते. नोव्हेंबरच्या बिलात क्वेटियापिनच्या पट्ट्या. आमच्या डॉक्टरांनी हे औषध कधी लिहिलं नव्हतं. होमकडे चिठ्ठी मागितली तर ‘व्हिजिटिंग डॉक्टरांनी तोंडी सांगितलं’. हे मनोविकारावरचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच छापायला लावला आहे. आमचे डॉक्टर फोनवर त्यांच्यावर ओरडले, पट्टी बंद झाली. निदान बिलातून तरी गेली.

मनगटावरचा वळ डिसेंबरमध्ये दिसला. गॉझ बँडेजनं हात पलंगाच्या कठड्याला बांधत होते. मॅनेजरचं उत्तर तयार होतं: ‘पडल्या तर तुम्हीच आम्हाला विचाराल. सेफ्टीसाठी आहे.’ मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चं कलम ९७ मला तेव्हा माहीत नव्हतं, आता पाठ आहे. रुग्णाला बांधायचं ते दुसरा कुठलाच उपाय नसताना, तात्काळ इजा टाळायला, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, कारण आणि पद्धत लिहून, आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून तर अजिबात नाही, असं त्या कलमातच म्हटलंय. हा कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू. आमचं होम स्वतःला तसं म्हणवत नाही. पण पाटीवर ‘डिमेन्शिया स्पेशल’ लिहिलंत ना, मग मोजपट्टीही तीच लागेल, असा आमच्या वकीलबाईंचा युक्तिवाद आहे. दुसरी जागा बघायला मी त्याच आठवड्यात सुरुवात केली होती. मिळेपर्यंत जानेवारी उजाडला.

आत्या त्या दिवसांत कमी बोलायची. एका संध्याकाळी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवून मला म्हणाली, ‘गो बाय, ह्या पेशंटाक फिरवलंस काय? पाठ बघ तिची.’ मी शेजारच्या आजींची पाठ बघितली नाही, बघायचा मला अधिकारही नव्हता. आत्याचीही पाहू दिली नाही. ‘आत्ताच ड्रेसिंग झालंय, उघडू नका.’ कसलं ड्रेसिंग, तर म्हणे घामोळं.

मग सकाळचा फोन: ‘ताई, आत्या आज थोड्या सुस्त आहेत.’ ॲम्ब्युलन्समध्येच कळलं की सुस्त नाही, बेशुद्ध आहे. इस्पितळात सोडियम १५८ निघालं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचं सोडियम कमी झाल्याचं आपण ऐकतो. हे वाढलेलं होतं. साधारण १३५ ते १४५ असायला हवं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, ‘यांना पाणी कोण देत होतं?’ उताणी होती, कूस फिरवल्यावर माकडहाडावर जखम, तिसऱ्या टप्प्याची, कातडी जाऊन खालची चरबी दिसत होती. अशी जखम एका रात्रीत होत नाही, असं त्या म्हणाल्या आणि तसं लिहिलंही. मी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद करायला सांगितलं. त्यांनी केलं. जखमेचं माप, टप्पा, मनगटावरचा वळ, सोडियमचा आकडा, सगळं दाखल होतानाच्या कागदावर आलं. इस्पितळातून कागद मिळवणं अवघड नाही: २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. मात्र जखमेचा फोटो नर्सनं साफ करण्याआधी काढून ठेवावा. मनाला पटत नाही, पण काढावा.

आता त्या वहीची गोष्ट. मी तिच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

तिसऱ्या दिवशी मी आत्याच्या वस्तू आणायला होमवर गेले. मॅनेजरनं बसवलं, पाणी दिलं आणि आपली बाजू मांडायला स्वतःहून टर्निंग चार्टची वही पुढे केली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. कुठल्या वेळी कुठल्या कुशीवर ठेवलं ते लिहायचं, शेजारी पाणी किती पाजलं ते, आणि सही. आत्यानं आयुष्यभर असल्या वह्या तपासल्या. मी वह्या तपासल्या त्या पैशांच्या, पण खोटी नोंद दोन्हीकडे सारखीच दिसते. पान उघडताच कळतं. चोवीस तासांच्या बारा नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं, एका बैठकीत उतरवलेल्या. रात्री दोन वाजताचं अक्षर दुपारच्या दोन वाजण्याइतकंच ताजंतवानं. पाणी प्रत्येक वेळी १५० मिली, कधी १४० नाही की १६० नाही. खऱ्या वहीत खाडाखोड असते, ‘घेतलं नाही’, ‘थुंकलं’ असं असतं. सही त्या ब्युरोच्या मुलीची. ती तर संक्रांतीला गावी गेली ती परत आलीच नव्हती, हे मावशीनं मला आधीच सांगितलं होतं.

मी पान उलटलं. आत्या सकाळी इस्पितळात गेली त्या तारखेचं पान पूर्ण भरलेलं. पुढचं पानही भरलेलं. आयसीयूत सलाइन चालू असलेल्या आत्याला रात्री दोन वाजता लिंक रोडजवळ ‘उजवी कूस’ आणि १५० मिली पाणी.

मी काही बोलले नाही. ‘फोटो काढू का, आमच्या डॉक्टरांना दाखवायला?’ विचारलं. ‘काढा ना,’ म्हणाला. सगळ्या पानांचे काढले.

इथून पुढे कायदा. कुठे दाद मागायची याचं परीक्षणही याच लेखात करते, कारण शेवटी तीही सेवाच आहे, आणि बहुतेकांची सुरुवात चुकीच्या दारापासून होते.

ज्याला सांगाल तो म्हणतो, ‘ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना!’ आहे. २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा. त्यात उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिना कमाल १० हजारांपर्यंत चरितार्थ मिळू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला कलम २४ खाली तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. पण हा कायदा मुलांवर आणि नातेवाइकांवर चालतो. पैसे घेऊन सांभाळणाऱ्या संस्थेचा त्यात पत्ता नाही. गंमत अशी की निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्याला मिळणार तो कायद्यानं ‘नातेवाईक’. म्हणजे लालबागच्या खोलीमुळे आत्या या कायद्याखाली माझ्यावर दावा लावू शकते, केअर होमवर नाही.

हा कायदा उपयोगी पडला असता तो समोरच्या खोलीतल्या आजोबांना. फ्लॅट मुलाला बक्षीसपत्रानं दिला, मुलानं त्यांना इथे आणून ठेवलं आणि दिवाळीनंतर पैसे भरायचं बंद केलं. कलम २३ नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकतं. ती अट कागदात लिहिलेली आहे का, यावर पुष्कळ अडतं. त्यामुळे कोणी आत्ता बक्षीसपत्र करत असेल तर ते वाक्य घालून घ्या. लेक रागावली तर रागावू दे.

केंद्रानं डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आणलं होतं. त्यात खासगी केअर होम आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्था, दोघांची नोंदणी सक्तीची होती. ते पारित झालं नाही, २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली तसं ते बुडालं. न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ फोनवर विचारत होता, ‘ताई, ऑम्बुड्समनला कळवलंस का?’ तिकडे प्रत्येक राज्यात नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या तक्रारी बघणारा असा माणूस असतो, सोयीसाठी बांधून ठेवायला १९८७ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि २००८ पासून सरकारच प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तरी तिथेही छळाच्या बातम्या येतात, हेही त्यानंच सांगितलं. इथे तारे आपले आपणच द्यायचे.

त्या भागातल्या पोलीस ठाण्याला मी एक तारा देईन, बसायला खुर्ची दिली म्हणून. ‘मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे.’ नाही आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ नेमकं यासाठीच आहे: आजारानं किंवा अशक्तपणानं असहाय झालेल्या माणसाची देखभाल करायचा करार करून ती मुद्दाम न करणं. शिक्षा तीन महिने किंवा पाच हजार दंड, म्हणजे किरकोळ, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणून एनसी, म्हणजे नुसती नोंद. पण माणसाला बांधून ठेवणं हे कलम १२७ खाली अन्यायानं डांबणं होऊ शकतं, ते दखलपात्र आहे. जीव धोक्यात येईल असा हलगर्जीपणा कलम १२५ मध्ये येतो. एमएलसीचा कागद समोर ठेवल्यावर आवाज बदलला, तरी हातात पडली एनसीच. मग कलमं लिहून तक्रार रजिस्टर पोस्टानं पोलीस उपायुक्तांना पाठवली. तिथून ठाण्यात विचारणा गेली आणि माझा जबाब व्यवस्थित नोंदवला गेला. त्याचं पुढे काय होईल ते होईल, पण एनसीचा नंबर आयोगातल्या फाइलला जोडलाय. ज्यांचं माणूस अजून आत आहे आणि बाहेर काढता येत नाहीये, त्यांनी आधी फोन करावा: मुंबई पोलिसांची ज्येष्ठांसाठीची १०९०, आणि केंद्राची एल्डरलाइन १४५६७.

पालिकेच्या दाराचा विचार फार कोणी करत नाही, आणि मला ते सगळ्यात आवडलं. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, मूळचा मुंबई प्रांताचा. आजारी, जखमी किंवा दुबळ्या माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते अशी जागा त्यात येते, आणि नोंदणीशिवाय ती चालवता येत नाही. आमच्या होममध्ये नाकातून नळी घातलेले पेशंट होते, कॅथेटर होते, इंजेक्शनं दिली जात होती. भिंतीवर फ्रेममध्ये होता तो फक्त गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. मी वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप: या पत्त्यावर नर्सिंग होमची नोंदणी आहे का, असल्यास किती खाटांची, शेवटची तपासणी कधी. मुदत ३० दिवसांची. उत्तर मुदतीत आलं: अशी नोंदणी आढळून येत नाही. ते उत्तर जोडून वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, तपासणी झाली, होमला नोटीस गेली. आता तिथे नळीवाले पेशंट घेत नाहीत असं ऐकते. पाटीवरचा ‘नर्सिंग’ शब्द रंगवून टाकलाय हे स्वतः पाहिलं.

आणि मुख्य दार, ग्राहक आयोग. केअर होमनं पैसे घेतले, सेवा द्यायचं कबूल केलं, दिली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला सेवेतली त्रुटी म्हणतात. वय, दया, कर्तव्य यातलं काही सिद्ध करावं लागत नाही. पैसे भरणारी मी, लाभार्थी आत्या, दोघीही ग्राहक. मोबदला म्हणून भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आम्ही आठ महिन्यांचे २ लाख ५६ हजार भरले होते, त्यामुळे एक रुपया लागला नाही. मी वर चेकचं म्हटलं ते यासाठी: हा आकडा सिद्ध करायला बँकेचं स्टेटमेंट पुरलं. रोखीत दोन हजार वाचवणाऱ्यांकडे काय असतं? तक्रार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे मुलगा पुण्यात आणि आई मुंबईच्या होममध्ये असेल तरी त्यानं पुण्यात तक्रार करावी. ऑनलाइन ई-जागृतीवर दाखल होते. वकील सक्तीचा नाही. मी केला, कारण माझा स्वभाव भांडणाचा आहे आणि कागद शांत डोक्यानं लिहावा लागतो. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे पेन्शनवर जगणाऱ्या किती बायकांना ठाऊक आहे? विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते, आणि नुसतं विचारायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आधी वकिलाची नोटीस पाठवली. डिपॉझिटमधून त्यांनी ‘नोटीस पिरियड’चे ३२ हजार कापले होते, आयसीयूत असलेल्या बाईचा नोटीस पिरियड. पंधरा दिवसांत पूर्ण ६४ हजारांचा चेक आला, सोबत ‘हे प्रकरण इथे संपलं’ असं लिहिलेली पावती सही करायला. चेक घेतला, पावतीवर ‘फक्त डिपॉझिट परत मिळाले’ असं लिहून सही केली. असल्या पावत्यांवर छापलेल्या मजकुराखाली डोळे मिटून सही करू नका, आपल्या हातानं आपलं वाक्य लिहा.

तक्रारीत इस्पितळाचं १ लाख ८७ हजारांचं बिल, भरलेली फी आणि नुकसानभरपाई मागितली आहे. होमचं लेखी उत्तर आलं. विरुद्ध पक्षाला ३० दिवस, फार तर वर १५, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्येच ठरवलंय. त्यांनी ४४ व्या दिवशी दिलं. उत्तरात तीन मुद्दे. एक, जखम वयोमानामुळे. दोन, प्रवेश अर्जावर ‘कोणत्याही इजेस संस्था जबाबदार नाही’ या ओळीखाली माझी सही आहे. तीन, टर्निंग चार्ट नियमित ठेवला जात होता, आणि सोबत त्याची झेरॉक्स. झेरॉक्स आत्या दाखल झाली त्याच्या आदल्या दिवशी संपते.

दुसऱ्या मुद्द्यावर वकीलबाई हसल्या. असली ओळ बहुतेक होमच्या अर्जावर असते, तिनं निष्काळजीपणा धुऊन निघत नाही म्हणाल्या. तरी तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा तो अर्ज घरी आणून वाचा, आणि मॅनेजरला तीन गोष्टी विचारा: रात्री दहा ते सहा माणसं किती आणि त्यांची नावं काय, नर्सिंग होमची नोंदणी आहे का, आणि न सांगता कधीही येऊन चार्ट बघता येईल का. पडदे आणि वरण नंतर बघा. सध्या आत्या माझ्या घरी आहे, हॉलमध्ये एअर बेड, दोन पाळ्यांत दोन बायका, खर्च त्या होमपेक्षा जास्त. जखम भरत आलीय. रात्रीच्या बाईनं कूस बदलायला उशीर केला तर आत्या झोपेतही खेकसते.

मागच्या तारखेला आयोगानं चार्टची मूळ वही सादर करायला सांगितलं. होमच्या वकिलानं अर्ज दिला की वही पावसात पाणी शिरल्यानं खराब झाली. दुसऱ्या मजल्यावर. आम्ही माझ्या फोनमधल्या पानांचे प्रिंट लावले, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, आणि आयसीयूतल्या नोंदी, त्याच दोन रात्रींच्या, तासागणिक.